एक खांदा गादीला

२४ एप्रिल, गुरुवार

उंची मोजली. वजन मोजलं. दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला आणि जिथे टेप लावली तिथे शाईने खूण केली. डोळ्यांत थेंब टाकून आतला पडदा पाहिला. हाडांच्या यंत्राखाली झोपवलं. संध्याकाळी डॉ. प्रतिभा म्हणाल्या, "हे तुमचं जमिनीवरचं शरीर. लक्षात ठेवा. परवापासून दुसरं."

मला हे वाक्य आवडलं. जेवतानाही तेच मनात होतं.

आदिलाबादच्या बाहेर, एका जुन्या वसतिगृहात हे केंद्र आहे. अंतराळात वजन नसतं. रक्त डोक्याकडे चढतं, पाय बारीक होतात, हाडं झिजतात. हे वर न जाता अभ्यासायचं तर माणसाला महिनाभर झोपवून ठेवतात, डोकं किंचित खाली आणि पाय वर. शरीर फसतं. त्याला वाटतं आपण वर आहोत. उठायचं नाही, बसायचं नाही. जेवण, अंघोळ, सगळं आडवं. कूस बदलता येते, पण एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. हा एकच नियम, बाकीचे त्यातून निघतात. तो एकदा मोडला की घरी.

हे आजवर जास्त करून पुरुषांवर मोजलं गेलं. बायकांचे आकडे कमी आहेत. जाहिरातीत तसं लिहिलं होतं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ते उभ्याने वाचलं, तास विसरले, आणि सातवीचा वर्ग गोंगाट करत राहिला. मी मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला होता. पण वर जाणाऱ्या एखाद्या बाईसाठी कुणी माझ्या हाडांचा आकडा पाहील, हा विचार सुटेना.

माझा नवरा करण लगेच हो म्हणाला. मे महिन्यात त्याची कापसाची जिनिंग मिल बंद असते, तो घरी असतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "जाय. घरचं मी पाह्यते." मामाजींना करणने जेवताना सांगितलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांनी एकच विचारलं, "उठाचंच नाई म्हणजे अजिबात नाई?" करण म्हणाला, "हाव." ते हात धुऊन बाहेर गेले. त्यानंतर या विषयावर एक शब्द नाही. राग आहे. साहजिक आहे.

सहा वर्षांत मामाजींनी मला आडवं पाहिलेलं नाही. ते अंगणात खाकरतात तोवर मी उठलेली असते, पदर डोक्यावर आलेला असतो. तापातसुद्धा. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

खाट कलली. मी हसले. घसरगुंडीवर उलटं झोपल्यासारखं वाटतं, फक्त घसरणं होत नाही.

पेन वर धरून लिहिलं तर शाई उतरत नाही. मैत्रीने पेन्सिल दिली. मैत्री इथली नर्स. घरी तेलुगू बोलते, मराठी पेशंटांकडून शिकली.

पाय दाराकडे आहेत. आत येणाऱ्याला आधी माझे तळवे दिसतात, मग मी. मैत्री म्हणते, "मॅडम, चेहरा विसरली तरी चालते. मी आता सगळ्याईले पायावरून ओळखते."

खोलीत दुसरी खाट रंजीताची. ती बोथच्या तहसील कचेरीत टायपिस्ट आहे. खाट कलल्यावर ती छताकडे बघून म्हणाली, "आमच्या कचेरीत लोकाईचे कागदच झोपून राह्यतात. बाईले पयल्यांदा चान्स भेटला." पलीकडच्या खोलीत आणखी तिघी. आम्ही पाच जणी. डॉ. प्रतिभांनी सांगितलं की चार तरी शेवटपर्यंत हव्यात. त्याखाली गेलं तर आकड्यांना अर्थ उरत नाही, आणि बायकांचा भाग रद्द होतो. पुरुषांचा, दुसऱ्या इमारतीतला, चालूच राहील.

डोक्यावर कॅमेरा आहे. तो खांद्याकडे बघतो.

२७ एप्रिल, रविवार

आरशात दुसरी बाई. गाल फुगलेले, डोळ्यांखाली पाणी. नाक बंद. वरणाला चव नाही. डोकं ठणकतं आणि मी खूश आहे.

दर थोड्या वेळाने लघवी होते. ती सगळी मोजून ठेवतात. डॉ. प्रतिभांनी समजावलं. पायांतलं पाणी वर सरकतं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं, ते काढून टाकतं. पाणी तेवढंच आहे, फक्त जागा बदलली. हे त्याला कोण सांगणार?

३० एप्रिल, बुधवार

मी वाढले. टेप लावली तर बोटभर जास्त. मणक्यांमधल्या चकत्यांवर आता भार नाही, त्या फुगल्या. वर गेलेले लोकही असेच वाढतात. बत्तिसाव्या वर्षी उंची वाढली, हे कुणाला तरी सांगावं म्हणून करणला फोन केला.

"तं मंग आता तुह्ये ब्लाउज आखूड होतीन का?" तो म्हणाला.

"पाठ लय दुखून राह्यली."

"घरी ये मंग."

"नाही."

मग घरचं विचारलं. आत्याबाई बऱ्या आहेत. ज्वारी दळून आणली. मामाजी रोज सकाळच्या बसने आदिलाबादला येतात.

"काऊन?"

"म्हणतेत बियाण्याचं पाह्यचं हाय."

"रोज?"

"मी नाई इचारलं."

बी घ्यायला एक दिवस पुरतो. सून नाही, घर सुनं वाटत असेल, आणि सुनेने जे चालवलंय त्यावर कुणी पारावर विचारलं तर काय सांगायचं, हाही प्रश्न असेल. त्यापेक्षा बाजार बरा. माझ्यामुळे त्यांना या उन्हात फिरावं लागतं. वाईट वाटलं. पण पाठ दुखण्याचा आनंद त्याहून मोठा होता, हेही लिहिते.

३ मे, शनिवार

दुपारी व्हरांड्यात कुणी खाकरलं.

मला समजायच्या आत अंग उठायला निघालं. हात पदराकडे गेला. अंगावर पदर नाही, केंद्राचा गाऊन आहे. मान वर, कोपर रोवलेलं. खांदा कसाबसा गादीवर राहिला. मग मी परत आडवी झाले आणि छातीतले ठोके ऐकत पडून राहिले.

कापसाच्या गावातले सगळे म्हातारे असेच खाकरतात. घशात धागे बसतात.

मैत्रीला विचारलं. ती म्हणाली, एक म्हातारा माणूस येतो. धोतर, टोपी. बाकावर बसतो, डबा खातो, संध्याकाळच्या बसला निघून जातो. कुणाला भेटायचं नाही म्हणतो. तिला एकच गोष्ट विचारतो, तेलुगूत. "लेचिंदा?" म्हणजे उठली का. ती सांगते, "लेवलेदु." नाही उठली. मग तो मान हलवतो.

"कोणाचा हाय?"

"मी इचारली. 'मा पिल्ला' म्हणे. आमची पोरगी."

पलीकडच्या खोलीतल्या कुणाचा तरी बाप. किती नशीबवान असेल ती.

मैत्रीला सांगितलं, त्या काकांना म्हणावं, दाराजवळ खाकरू नका. माझी अडचण होते.

४ मे, रविवार

खाकरणं बंद. मैत्री म्हणाली, आता ते उठून आवारात लांब चिंचेखाली जातात, खाकरतात, परत येऊन बसतात. समजूतदार माणूस.

दुपारी काहीच झालं नाही. सुया नाहीत, टेप नाही. रंजीता झोपली होती. कूलरचा आवाज होता. मी छताकडे पाहत पडून होते. इतकं बरं वाटलं की मला भीती वाटली. रक्त डोक्याकडे गेल्यामुळे असावं. डॉ. प्रतिभांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरी दिवसा कधी पडता?"

"दिवसा? नाही."

"आजारी असताना?"

"पाहुणे नसले तर."

त्यांनी काही लिहिलं नाही. रंजीताच्या खाटेकडे गेल्या.

५ मे, सोमवार

रंजीता गेली.

छतावरून पाल पडली, थेट तिच्या गळ्यावर. ती बसली नाही, उभीच राहिली, खाटेवर, आणि मग चक्कर येऊन मैत्रीच्या अंगावर कोसळली. पाल कुठे गेली कुणालाच कळलं नाही. मी खांदा टेकवून सगळं पाहिलं. मदत करता येत नव्हती.

तिला शुद्ध आली तेव्हा तिने आधी विचारलं, "खांदा मोजतेत का पाल मोजतेत?" डॉ. प्रतिभा हसल्या. पण नियम नियम.

जाताना रंजीता माझ्या उशाशी वाकली. तिचा चेहरा सुजलेला होता, माझ्यासारखाच. "तू नको उठू," म्हणाली. "तू उठली तं आमची सगळ्याईची मेहनत गेली. मी कचेरीत काय सांगू, पालीनं नेलं म्हणून?"

आता चार. एकही जास्त नाही.

८ मे, गुरुवार

पोटरी बारीक झाली. शाईची खूण तीच, टेप मात्र आणखी गुंडाळली जाते. चिमटीत धरली की कातडी मऊ लागते, लहान मुलीच्या पायासारखी. डॉ. प्रतिभा म्हणतात, हृदयही लहान होतं. त्याला रक्त वर ढकलायचं काम उरत नाही. जे लागत नाही ते शरीर ठेवत नाही.

मी विचारलं, मग परत येतं का?

"येतं. भार दिला की येतं. हाडांना वेळ लागतो."

आज मी मनात सारखी हसत होते. मी इथे पडून आहे आणि माझं हृदय प्रवास करतंय.

११ मे, रविवार

भेटीचा दिवस. आत्याबाई आणि करण आले. करण दारातच थांबला, माझे पाय पाहून म्हणाला, "नमस्कार करू का?" आत्याबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

त्या माझ्या पायांशी बसल्या. टाचांवरून हात फिरवला. "भेगा गेल्या तुह्या."

खरंच गेल्या होत्या. मी पाहिलं नव्हतं, मला टाचा दिसत नाहीत. त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या. मला लाज वाटली, पाय मागे घेता येईना.

मी त्यांना सगळं सांगितलं. उंची वाढल्याचं, पोटरीचं, हृदयाचं. हाडांचं सांगितलं तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, "झोपून झिजतेत म्हणते?"

"हाव. हाडाला भार लागते. उभं राह्यलं, काम केलं, तं हाड मजबूत राह्यते."

"मंग माह्ये काऊन झिजले? मी तं कधी झोपलीच नाई."

मागच्या वर्षी त्यांचं मनगट पाण्याच्या बादलीने मोडलं होतं. त्या पूर्वी चांगल्या उंच होत्या, असं करण सांगतो. आता पातळाच्या निऱ्या जास्त खोचाव्या लागतात. मी वय, दूध, गोळ्या असं काही बोलले. प्रश्न चांगला होता. डॉ. प्रतिभांना विचारायला हवा.

"मामाजी कसे आहेत?"

"बरे हायेत."

"रागावले असतील."

आत्याबाईंनी करणकडे पाहिलं. करण खिडकीकडे पाहू लागला. "ते कायले येतीन इथं?" त्या म्हणाल्या. "तुह्या पायाकडून येतीन का ते?" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. पण त्यांना रागाचं ओझं वाटत नाही हे बरं.

जाताना त्यांनी व्हरांड्यात कुणाला तरी म्हटलं, "चाला आता." करणलाच असेल.

१४ मे, बुधवार

ऊन इतकं की कूलर गरम वारा टाकतो. डोळ्यांचा फोटो काढला. मागच्या नसेभोवती थोडी सूज आहे. वरच्या लोकांना येते तशीच. डॉ. प्रतिभांनी पडद्यावर दाखवलं, आणि त्यांचा आवाज बदलला. त्यांनाही आनंद झाला होता. काळजी करू नका म्हणाल्या, उतरेल. मी काळजी करत नव्हते. मी विचारलं, हा फोटो कुणीकुणी बघेल? त्यांनी तीन देशांची नावं घेतली.

पलीकडचे काका आजही आले होते. मैत्रीने त्यांना बाकाऐवजी खुर्ची दिली. ती त्यांना माठातलं पाणीही देते. "लेचिंदा?" "लेवलेदु." ती म्हणते, आता तिला सवय झाली, ते नाही आले तर तिलाच चुकल्यासारखं होईल.

१६ मे, शुक्रवार

अडचण.

पेपरच्या जिल्हा पानावर आमच्याबद्दल आलं. चौघींची नावं, गावं. गावात चंपतरावांनी ते पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. चंपतराव माजी सरपंच. त्यांनी ठरवलं, रविवारी येऊन माझा सत्कार करायचा. शाल, नारळ, फोटो.

करण फोनवर म्हणाला, "मी नाई म्हटलं. ते म्हणाले, गावाची सून हाय, तुह्या एकट्याची नाई."

डॉ. प्रतिभांना विचारलं. त्या म्हणाल्या, भेटीचा दिवस आहे, मास्क लावून थोडा वेळ येऊ द्या. गावात चांगलं बोललं गेलं तर पुढच्या वेळी आणखी बायका येतील. "तुम्ही फक्त पडून राहा."

फक्त.

चार-पाच वडीलधारी माणसं माझ्या पायांशी उभी राहणार. मी तळवे त्यांच्या तोंडासमोर करून पडून राहणार. मला स्वतःवर भरवसा नाही. भरवसा नाही म्हणजे मनावर आहे, अंगावर नाही. नुसत्या खाकरण्याने ते उठलं होतं.

मैत्री म्हणाली, खांदा चादरीने बांधून टाकते. आम्ही हसलो. मग तिने विचारलं, खरंच बांधू का?

१८ मे, रविवार

सगळं लिहिते, क्रमाने.

चंपतराव आणि गावातले तिघे आले. मास्क, पांढरे कपडे, अत्तराचा वास. बंद नाकातही तो आला. दारातच चौघे थबकले. समोर माझे पाय. कुणी नारळ कुठे धरावा याचा विचार करत होतं.

"कशी हायेस, बाई?" चंपतराव म्हणाले.

"बरी आहे."

"गावाचं नाव काढलं तू. आता उठून बस जराशी. शाल टाकतो, फोटो घेतो, झालं."

"उठता येत नाही, काका."

"मंग बस. बसाले का होते?"

मैत्री म्हणाली, "बसायचं पण नाही, सर."

"अवो, एक मिनटाचं काम हाय. झोपल्या माणसावर शाल टाकतेत का? कसं दिसते ते?" ते थांबले. मागचे तिघे जमिनीकडे बघू लागले. कसं दिसतं ते सगळ्यांना कळलं होतं, मलाही.

मी पडून होते. माझं कोपर गादीत रुतायला लागलं. मला ते दिसत होतं, थांबवता येत नव्हतं. चार म्हातारे उभे आणि मी आडवी. पाठीचा प्रत्येक मणका सांगत होता, ऊठ. रंजीता आठवली. पलीकडच्या तिघी आठवल्या. मान आधी उठली. मग डावा खांदा. उजवा अजून गादीवर होता, पण त्याच्याखाली हवा शिरल्यासारखं वाटलं.

तेव्हा दारातून मामाजी आत आले.

न खाकरता. सहा वर्षांत पहिल्यांदा. टोपी हातात, मास्कच्या दोऱ्या कानांमागे, धोतराला आवारातली धूळ. त्यांच्यापलीकडे व्हरांड्यात त्यांची खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीखाली आमच्या घरचा पितळी डबा. मी तो डबा रोज घासते.

ते आत आले ते उलटे. आधी पाठ. दारातून मागे मागे सरकत आले, माझ्याकडे पाठ करून, खाटेच्या कडेला येऊन थांबले. भिंतीकडे तोंड.

"पडून राह्य, अश्विनी," ते भिंतीला म्हणाले. "मी नाई पाह्यून राह्यलो."

याआधी माझं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

मग चंपतरावांना म्हणाले, "फिरा."

"काय?"

"तिकडं तोंड करा. तुमी पाह्यता म्हणून तिले उठा लागते. तुमी नाई पाह्यलं तं ते काऊन उठीन?"

"सुधाकरराव, सत्काराले आलो आमी. पाठ दाखवाले नाई."

"मंग पाठीनं करा. उठली तं महिनाभराचं पाणी होते. चौघीईचं. मी रोज येऊन राह्यलो, मले माहीत हाय."

सगळ्यांत मागचा माणूस फिरला. त्याच्या शेजारचा फिरला. चंपतराव शेवटी फिरले, शाल हातात घेऊन, आणि ती त्यांनी खांद्यावरून मागे केली, जशी ओझं उतरवताना पोतं मागे देतात. मैत्रीने ती घेऊन माझ्या अंगावर पसरली. नारळ असाच मागून आला. माझा डावा खांदा खाली गेला होता. केव्हा गेला मला माहीत नाही.

"फोटो?" एकाने भिंतीकडे बघत विचारलं.

मैत्रीने काढला. फोटोत पाच पाठी आहेत, एक शाल, आणि मधोमध माझी दोन पावलं. चंपतरावांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "पेपरवाले घेतीन का हे?" म्हणाले. कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, तोंडं भिंतीकडेच.

ते गेल्यावरही मामाजी तसेच उभे होते.

"मामाजी, बियाणं झालं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"पयल्याच दिवशी झालं," ते म्हणाले, आणि सरळ बाहेर गेले. या वेळी उलटं जावं लागलं नाही.

१९ मे, सोमवार

डॉ. प्रतिभांनी कॅमेऱ्याचं चित्र दोनदा पाहिलं. मी श्वास धरून होते.

"उजवा खांदा टेकलेला आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं उठलं होतं."

मग ठोक्यांचा आलेख पुढे केला. एका जागी रेघ उभी चढली होती, धावणाऱ्या माणसाची चढते तशी. "इथे काय झालं?"

"मी उठायला निघाले होते."

"आणि इथे?" रेघ एकदम खाली उतरली होती.

"सासरे आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आलेखाच्या कडेला काही लिहिण्यासाठी पेन टेकवलं, थांबल्या, आणि 'पाहुणे' असं लिहिलं. तीन देशांतल्या लोकांना ते वाचून काय कळणार?

२३ मे, शुक्रवार

मामाजी आता खोलीत येतात. खुर्ची माझ्या उशाशी, तोंड खिडकीकडे. आम्ही दोघंही आवाराकडे बघून बोलतो. मी चिंचेचा शेंडा पाहते, ते बुंधा.

आज त्यांनी विचारलं, "वर गेल्यावर बाईले उलटं-सुलटं काही नसते म्हणतेत."

"हाव. वर-खाली नसते. कुठंही डोकं, कुठंही पाय."

"मंग तिथं कोणं कोणासाठी उठाचं?"

"कुणीच नाही. उठताच येत नाही."

"चांगलं हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "चांगलं हाय." मग त्यांनी आत्याबाईंचं विचारलं. म्हणजे त्यांच्या मनगटाचं. इथल्या हाडांच्या यंत्राखाली त्यांना झोपवता येईल का, डॉक्टरीणबाईला विचारून पाह्य. मी विचारलं. डॉ. प्रतिभा म्हणाल्या, घेऊन या.

२५ मे, रविवार

उद्या उठायचं.

महिनाभर याचीच भीती होती आणि आता तेच करायचं आहे. उद्या खाट सरळ होईल आणि मला भिंतीपाशी उभं करतील. भिंतीला टेकायचं नाही, हलायचं नाही, डॉ. प्रतिभा म्हणेपर्यंत. वरून आलेल्या लोकांनाही असंच उभं करतात. पुष्कळजण पडतात. रक्त पायांत उतरतं आणि शरीर विसरलेलं असतं की ते वर कसं ढकलायचं. पडले तरी आकडा होतो, असं त्या म्हणतात. मला पडायचं नाही.

पलीकडच्या तिघी भिंतीवर ठोकतात. मी परत ठोकते. आम्ही एकमेकींचे चेहरे अजून पाहिलेले नाहीत.

२६ मे, सोमवार

बसून लिहितेय. पेनने. शाई खाली उतरते.

उठताना खोली फिरली. मैत्रीने एका बाजूने धरलं, मग सोडलं. पाय माझे नव्हते. तळव्यांना फरशी टोचली, भाजल्यासारखी. सगळं अंग खाली ओघळतंय असं वाटलं, गाल, पोट, डोळे. मी जड होते. मी किती जड असते हे मला माहीतच नव्हतं. रोज हे सगळं उचलून मी शाळेत जायची.

कानांत घूं सुरू झालं. समोरचं दार लांब गेलं, कडा काळ्या झाल्या. हृदय लहान झालेलं, पण धावत होतं. डॉ. प्रतिभा आकडे मोठ्याने वाचत होत्या. पलीकडच्या तिघी झाल्या होत्या. एक पडली, दोघी उभ्या राहिल्या. चौघींत मी शेवटची.

दारात मामाजी आले. मला घरी न्यायला. तोंड माझ्याकडे. ते थांबले.

मी उभीच होते. पदर नव्हता, गाऊन होता, केस कसेही. हात बाजूला सोडायचे होते म्हणून सोडलेले होते. मी त्यांच्यासाठी उठले नव्हते आणि त्यांना ते दिसत होतं. माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या, तेही दिसत असेल.

मैत्रीने खुर्ची पुढे केली. "कूर्चोंडी, काका." बसा.

ते बसले नाहीत. टोपी काढून हातात धरली आणि भिंतीपाशी उभे राहिले, माझ्यासमोर, पाठ सरळ. त्यांच्या गुडघ्यांना उभं राहणं सोसत नाही. मैत्रीने पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दार परत जवळ आलं. कडा उजळल्या.

"झालं," डॉ. प्रतिभा म्हणाल्या. "बसा, अश्विनी."

मी बसले. मग ते बसले.